घरं शोधून देणाऱ्या अंबूआक्का

परवा दुपारी दार वाजलं. उघडलं तर एक तरुण जोडपं उभं. मराठी पुण्याकडचं. बाईच्या हातात फोन होता, त्यावर आमच्या गल्लीचा पत्ता.

"घर शोधून देणाऱ्या आक्का इथंच राहतात ना? आमच्या ऑफिसातल्या एकांनी सांगितलं. त्या पैसेही घेत नाहीत म्हणे."

"मागच्या गल्लीत राहायच्या," मी म्हटलं. "आता नाहीत."

"मग कुठं भेटतील?"

 तसं मला कुणालाच पटकन उत्तर देता येत नाही. "माहीत नाही," एवढं म्हणाले आणि दार लावलं. ते जिना उतरून गेल्यावर वाटलं, पाणी तरी विचारायला हवं होतं. आक्कांनी नुसतं पाणी विचारलं नसतं. आत बसवून किती माणसं, कुठं नोकरी, भाजी कुठली आवडते, इथपर्यंत सगळं काढून घेतलं असतं आणि मग म्हणाल्या असत्या, "उद्या सकाळी सहाला या. चपला मऊ घाला. चालायचं आहे."

तेव्हापासून आक्का डोक्यातून जात नाहीत. म्हणून मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं घेऊन बसले आहे.

आमच्या घरासाठी आक्का पहिल्यांदा आल्या, त्याला आता अठरा वर्षं होऊन गेली. माझं माहेर निपाणीजवळचं. लग्न होऊन म्हैसूरला आले. सासरची माणसं मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथली. सासूबाईंचं घर दोन खोल्यांचं. धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि आम्ही बाहेर पडायचं असं न बोलता ठरून गेलं. आमचे हे म्हणाले, आठ दिवसांत घर मिळेल. तीन महिने गेले. मला पाचवा लागला. मग सासूबाई म्हणाल्या, "अंबूबाईला सांगा. तुमच्यानं काही होत नाही."

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. ठेंगणा बांधा, कपाळावर अंगाऱ्याचं बोट, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. पापडांचा पत्र्याचा मोठा डबा त्या त्याच हातानं उचलायच्या, त्यानं तो खांदा कायमचा उतरला होता. पायात पुरुषांच्या रबरी चपला. मी त्यांच्याकडे बघते आहे हे ओळखून म्हणाल्या, "बायकांच्या चपला दोन महिन्यांत झिजतात ग. त्या नटायला केलेल्या असतात, चालायला नाहीत."

त्यांची मराठी ऐकून मी पहिल्यांदा गोंधळले. निम्मी वाक्यं मराठीत सुरू व्हायची आणि कानडीत संपायची. "सुम्ने उभी राहू नको," म्हणायच्या, म्हणजे उगाच उभी राहू नको. काही पटलं की "आयतु," म्हणजे झालं, ठरलं. त्यांच्या पणज्याचा बाप म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत घोडेस्वार होता असं त्या सांगायच्या. एकदा कुणीतरी विचारलं, मग इनाम-जमीन काही मिळालं नाही का? आक्का म्हणाल्या, "घोडा सरकारचा, तलवार सरकारची, राहायची जागा सरकारची. आमची स्वतःची म्हणशील तर मिशी होती. ती मेल्यावर गेली."

नवरा लवकर वारला होता, मूलबाळ नव्हतं. नजरबादच्या एका ऑफिसात त्या कित्येक वर्षं झाडलोट करायच्या, पाणी भरायच्या. नोकरी कधी कायम झाली नाही, त्यामुळे सुटली तेव्हा मागे काही उरलं नाही. मग पापड आणि चटणीपूड. मागच्या गल्लीतल्या वठारात त्यांची एक खोली होती. वठार म्हणजे मधे अंगण आणि दोन्ही बाजूंना भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. तिथं सहा बिऱ्हाडं होती. आक्का त्यात चाळीस वर्षं राहिल्या.

घर शोधायची त्यांची रीत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. पहाटे उजाडताना त्या चालायला निघायच्या आणि प्रत्येक दाराचा उंबरा बघत जायच्या. म्हैसूरात बायका सकाळी सडा घालून रांगोळी काढल्याशिवाय चूल पेटवत नाहीत. आक्का म्हणायच्या, "एक दिवस रांगोळी नाही, तर बाई आजारी. दोन दिवस नाही, तर गावाला गेली. तीन दिवस नाही आणि बाहेर चपलांचा ढीगही नाही, म्हणजे सुतक नाही. मग घर रिकामं. चौथ्या दिवशी जाऊन ओनरला विचारायचं. बोर्ड लागला की आपल्याला उशीर झाला समज."

आमचं घर त्यांनी असंच धरलं. खाली मालकीण सरोजम्मा आणि त्यांचे यजमान, वर भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या, त्याच्यावर गच्ची. बोलणं कानडीत चाललं होतं. मला निम्मंच कळत होतं. बाकीचं आक्कांनी नंतर नकलेसकट ऐकवलं.

"किती जण?" सरोजम्मांनी विचारलं.

"दोघं. तिसरं वाटेवर आहे. तुमच्या घरात पाळणा हलेल अम्मा, पुण्य तुम्हाला."

"वेज का नॉनवेज?"

"मराठे आहेत. खोटं कशाला सांगू? रविवारी खातात."

"आमच्या घरात शिजवलेलं चालणार नाही."

"मग सासूकडे जाऊन खातील. सुनेलाही रविवारची सुट्टी."

"पाणी जास्त लागतं का?"

"नवरा दिवसभर कडकोळच्या कारखान्यात. ही एकटी किती पिणार?"

"मूल झालं की भिंतीवर लिहितील."

"हिचीच शाळा चार यत्तांची," आक्का माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "पोर जन्मल्या जन्मल्या भिंतभर लिहील एवढी आशा करू नका."

सरोजम्मा हसल्या. आक्कांना तेवढंच हवं होतं. ओनर हसला की अर्धं घर मिळालं, असं त्यांचं म्हणणं. मग त्या आत गेल्या आणि त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. प्रत्येक भिंतीला गाल लावून उभ्या राहिल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीशी जरा जास्त वेळ. मला म्हणाल्या, "ओल डोळ्यांना दिसत नाही, ओनर चुना मारतो. गालाला कळते. इथं मसाल्याचे डबे ठेवू नको."

पैसे त्या खरंच घ्यायच्या नाहीत. अट एकच, घर मिळालं की पापड त्यांच्याकडूनच घ्यायचे, आणि दूध उतू घालायच्या दिवशी त्यांना बोलवायचं. इथं नव्या घरात पहिल्यांदा दूध तापवून मुद्दाम उतू जाऊ देतात, भाड्याचं असलं तरी. मी गॅस बारीक करायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"आक्का, ओनरचा कट्टा खराब होईल."

"होऊ दे. आज एवढं तरी मनासारखं सांडून घे. उद्यापासून खिळा मारायचा तर विचारावं लागेल."

अशी त्यांनी किती घरं लावून दिली याचा हिशोब कुणी ठेवला नाही. बाजारात त्यांच्याबरोबर गेलं की दर दहा पावलांवर कुणीतरी थांबवायचं. आक्का माणसांची नावं विसरायच्या, घरं विसरायच्या नाहीत. "तू ती विहिरीजवळची ना? मोरी तुंबायची ती? सुधारली का?" माणूस म्हणायचा, "ते घर सोडलं आक्का, भाडं वाढवलं." की आक्का तिथंच रस्त्यात डबा खाली ठेवायच्या. "मग आता कुठं? कितीजण? अय्यो, तिकडं? इतकं लांब?"

नागराजचं प्रकरण घडलं तेव्हा माझी मुलगी सातवीत होती. नागराज रिक्षा चालवायचा. बायको, दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेला बाप. त्या म्हाताऱ्यासकट त्याला कुणी घर देत नव्हतं. त्याचं कारण इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण मला ते लग्नानंतर कळलं. पंचकात किंवा दुसऱ्या वाईट नक्षत्रावर घरात माणूस गेला तर इथं घर सोडायचं असतं. पंचांग बघून कुणाला तीन महिने, कुणाला सहा. घराला कुलूप. आमच्या निपाणीकडे पंचकात कुणी गेलं तर पिठाचे पुतळे करून बरोबर जाळतात आणि मोकळे होतात. इथं जिवंत माणसंच घराबाहेर पडतात. मग कुठला ओनर म्हातारं माणूस घरात घेईल? सहा महिने घर बंद, आणि पुढचा भाडेकरू येताना विचारणार की इथं काय झालं होतं.

आक्कांनी त्या वेळी एक गोष्ट लपवली. एका निवृत्त मास्तरांच्या मागच्या दोन खोल्या होत्या. त्यांना सांगितलं, नवरा-बायको आणि दोन मुलं. म्हाताऱ्याला आठ दिवसांनी रिक्षातून आणलं. औषधपाण्यासाठी गावाहून आलेत, जातील, असं सांगितलं. मास्तर भला माणूस, काही बोलले नाहीत. चार महिन्यांनी म्हातारा गेला आणि भटजींनी पंचांग उघडून सहा महिने सांगितले.

मी त्या दिवशी आक्कांबरोबर गेले होते. अंगणात नागराजची बायको भांडी गोणीत भरत होती आणि ओट्यावर मास्तर बसले होते. त्यांची पेन्शन थोडी होती, मागच्या भाड्यावर औषधं चालायची. आक्का त्यांच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"मास्तर, चूक माझी. त्या पोराला बोलू नका. कुलूप कशाला लावता? सहा महिने मी राहते त्या खोल्यांत. मला कसली भीती? भाडं मी देते."

मास्तर म्हणाले, "तुम्हाला भीती नाही हो अंबूबाई. माझ्या बायकोला आहे, सुनेला आहे. तुम्ही मला आधी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं माहीत नाही. पण विचार करायला तरी मिळालं असतं."

नागराजची बायको आणि मुलं तिघा नातेवाइकांकडे वाटली गेली. तो स्वतः दोन महिने रिक्षात झोपला.  त्या दिवशी परतताना घराजवळ आल्यावर आक्का म्हणाल्या, "सुमे, आजपासून नियम. माणूस लपवून घर मागायचं नाही. घर नाही मिळालं तरी चालेल."

तो नियम त्यांनी मोडला नाही. पण ओनर लोकांत बोलणं पसरलं होतं, की अंबूबाई म्हातारी माणसं आत सरकवते. पूर्वी दारातून आत बोलावणारे आता गेटपाशीच बोलू लागले.

आणि गावही बदलत होतं. बेंगळूरची माणसं इकडे येऊ लागली, मागतील तो अॅडव्हान्स देऊ लागली. खालच्या खोल्या काढून मुलींची वसतिगृहं झाली. राजवाडा बघायला येणाऱ्यांसाठी दिवसाच्या भाड्यानं खोल्या निघाल्या, एका दिवसाला मिळायचं ते आमच्यासारखे आठवड्याला देतात. घरं रिकामी व्हायच्या आधीच फोनवर लागून जायची. आक्का तरी पहाटे चालायच्याच. एकदा मला घेऊन गेल्या. एका दारात सुरेख रांगोळी होती, लाल-पिवळी, कमळांची. आक्का पुढे निघाल्या. मी खाली वाकून बघितलं तर ती प्लॅस्टिकची, चिकटवलेली. वर धूळ, कडेला कोळ्याचं जाळं.

"आक्का, हे घर बंद आहे. खूप दिवस झाले असतील."

त्या परत आल्या. नखानं रांगोळीची कड उचलून बघितली, परत दाबून बसवली. "तीन महिने मी या दारावरून रोज जाते," म्हणाल्या. "रोज म्हणते, बाई किती नेटकी आहे." आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की समोरच्या घरातला माणूस बाहेर आला. पण त्यानंतर त्यांचं पहाटेचं चालणं कमी झालं.

वठाराचा म्हातारा मालक गेल्या वर्षी वारला. नातू बेंगळूरहून आला. सभ्य मुलगा. सहाही बिऱ्हाडांना मिठाईचा डबा दिला आणि तीन महिन्यांची मुदत. वठार पाडून प्रवाशांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. आक्कांना तो म्हणाला, "अज्जी, तुम्हाला काय अवघड? अख्ख्या गावाला तुम्ही घरं देता." त्याला ते खरंच वाटत होतं.

पहिले दोन महिने आक्कांनी वठारातल्या इतरांसाठी घरं शोधली. पाचांतली चार लावून दिली, एक गावी गेलं. लांब लांब मिळाली, एकाला तर रिंगरोडच्या पलीकडे, पण मिळाली. अंगणात एकट्या आक्कांचा दिवा राहिला तेव्हा त्या स्वतःसाठी बाहेर पडल्या. मी म्हटलं, मी येते बरोबर. मला बोलता येत नाही, पण डबा तरी धरेन.

आम्ही पंधरा-वीस दारं फिरलो असू. दुसऱ्यांसाठी बोलताना आक्कांची जीभ घोड्यासारखी धावायची. स्वतःसाठी मागताना त्या माझ्यासारख्या झाल्या.

"कितीजण?"

"एकटी."

"वय?"

"सत्तरच्या पुढं."

मग सगळीकडे एकच उत्तर. मुलगा परत येणार आहे, आम्हालाच घर लागणार आहे. पंचकाचं नाव कुणी काढायचं नाही. बाहेर आल्यावर आक्का म्हणायच्या, "बघ सुमे, सगळ्या ओनरांची मुलं एकदम आईबापांवर माया करायला लागली." एका ठिकाणी मी हळूच म्हटलं, "साठ सांगा ना." त्या म्हणाल्या, "आणि गेले की? मग मेल्यावरही खोटी ठरायचं?"

फक्त एक बाई खरं बोलली. आक्कांच्याच वयाची, पापड घेणारी, जुनी ओळख. तिनं आत बसवलं, कॉफी दिली आणि म्हणाली, "अंबू, मी गेले तर माझी मुलं घर बंद ठेवतील, सहा महिन्यांनी उघडतील. तू गेलीस तर कुलूप कोण लावणार? विधी कोण करणार? मला सांग, मी कुणाला बोलवू?" आक्कांनी कॉफी संपवली. पेला विसळून ठेवला. "बरोबर आहे तुझं," म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आमच्या गच्चीवर एक खोली आहे. सरोजम्मांचे नारळ, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या गाद्या तिथं असतात. माझ्या मुलीला ते सुचलं. ती कॉलेजला जाते, तिला माझ्यासारखी भीती वाटत नाही. "अम्मा, आक्कांना वर ठेवू. बाबांची आत्या आलीय म्हणून सांगू. कोण विचारतंय?"

आक्का आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. म्हणाल्या, "पोरी, नियम आहे. मागायचं तर उघड मागू. सुमे, चल माझ्याबरोबर खाली."

मी गेले. सरोजम्मा तांदूळ निवडत होत्या. आक्कांनी सगळं सरळ सांगितलं. वय, एकटेपण, गच्चीवरची खोली, भाडं जमेल तेवढं. सरोजम्मांनी सूप बाजूला ठेवलं. त्या वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला डिंकाचे लाडू करून दिले होते. त्या आक्कांशी बोलल्याच नाहीत. माझ्याकडे वळल्या.

"तू सांग. तू जबाबदारी घेतेस का? उद्या वर काही झालं, नक्षत्र वाईट निघालं, तर आम्ही दोघं म्हातारी सहा महिने कुठं जायचं? तेव्हा तू आम्हाला दुसरी जागा बघून देशील का? की तुम्हीही घर सोडून जाल? तू हो म्हण, मी आत्ता किल्ली देते."

आत्ता किल्ली देते, असं म्हणाल्या. किल्ल्यांचा जुडगा कमरेलाच होता.

एक शब्द लागत होता. आक्का माझ्याकडे बघत नव्हत्या, भिंतीकडे बघत होत्या. माझ्या मनात आलं, हो म्हणावं. आणि त्याच वेळी मनात आलं की आमचा करार अकरा महिन्यांचा आहे, मुलीची परीक्षा आहे, यांच्या कारखान्यात माणसं कमी करताहेत. दोन्ही एकदम आलं. मी म्हणाले, "यांना विचारून सांगते."

आक्का उठल्या. "आयतु अम्मा," म्हणाल्या. "सांगेल ती."

जिन्यात त्या थांबल्या. गुडघे दुखायचे. मला म्हणाल्या, "बरं केलंस. हो म्हणून नंतर नाही म्हणाली असतीस तर तुझं घर गेलं असतं." मला बरं वाटावं म्हणून बोलल्या. मला अजून बरं वाटलेलं नाही.

संध्याकाळी यांना विचारलं.  हे म्हणाले, "सरोजम्मांनी आपल्याला काढलं, तर आपल्याला घर कोण शोधून देणार आता?"

शेवटी जागा यांनीच आणली. कडकोळला कारखान्यांच्या मागे खोल्यांची रांग आहे, बाहेरगावच्या मुली तिथं राहतात. तिथं कुणी वय विचारत नाही, कारण तिथं घर देत नाहीत, खाट देतात. एका खोलीत सहा खाटा. आक्कांना मिळालेली खाट अर्धी होती. रात्रपाळीची एक मुलगी सकाळी येऊन तिच्यावर झोपायची, संध्याकाळी ती कामाला गेली की खाट आक्कांची. चूल नाही, मेसचा डबा. पापड लाटायला जागा नाही, म्हणून पोळपाट-लाटणं आणि पत्र्याचा डबा आक्कांनी माझ्याकडे ठेवला. "राहू दे तुझ्याकडे. दुसरं घर मिळालं की नेईन."

सामान न्यायला नागराज आला. त्यानं एक ट्रंक रिक्षात ठेवली आणि आणखी काय, म्हणून खोलीत बघत उभा राहिला. आक्का म्हणाल्या, "झालं. एवढंच. चल, मुलांची शाळा सुटेल तुझ्या." त्यानं डोळे पुसले. त्याची स्वतःची एकच खोली आहे, त्यात चार माणसं. त्यालाही हो म्हणता आलं नव्हतं.

त्यानंतर आक्का मला एकदाच भेटल्या. पुढं मी आणखी दोनदा गेले, पण खोलीतल्या मुली बदलल्या होत्या. नव्या मुलींना नाव माहीत नव्हतं. एक म्हणाली, एक अज्जी होती, बेट्टदपुरकडच्या कुणाबरोबर गेली. दुसरी म्हणाली, ती वेगळी अज्जी. आक्कांचं बेट्टदपुरला कुणी असल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

त्या एका भेटीचा दिवस मात्र स्पष्ट आठवतो. दुपारची वेळ, ऊन कडक. मी कडकोळला नंजनगूड रस्त्यावर बसमधून उतरले आणि खोली कुठं विचारावी म्हणून इकडेतिकडे बघते तर बसथांब्याच्या शेडमध्ये आक्का. बाकाच्या कडेला, पिशवी मांडीवर घेऊन.

"अय्यो, सुमे!" त्यांनी पदरानं बाक पुसला. "ये, ये. बस. इकडं सावलीला बस. जेवलीस का?"

"आक्का, तुम्ही इथं का? कुठं निघालात?"

"कुठं निघणार? ती पोरगी झोपलीय ना खाटेवर. पाचपर्यंत तिची. दिवसा मला कुठं झोप येते? इथं वारा आहे, माणसं आहेत." मग शेजारच्या गाडीवाल्याकडे वळून कानडीत म्हणाल्या, "दोन कॉफी दे रे, माझ्याकडे पाहुणी आलीय." तो हसला. पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

मी केळी आणि तिळाची चटणी नेली होती. त्यांनी चटणीचा वास घेतला, "मीठ कमी," म्हणाल्या, पण पिशवीत जपून ठेवली. खोलीतल्या मुलींबद्दल सांगत बसल्या. एक बळ्ळारीची, एक ओडिशाची, तिला कानडी येत नाही, आक्का तिला रोज पाच शब्द शिकवतात. सरोजम्मांची चौकशी केली. मुलीच्या परीक्षेची केली. मी मनात ठरवून गेले होते की त्या दिवसाबद्दल बोलायचं. आक्का, मी हो म्हणायला हवं होतं, एवढंच. दोन-तीनदा तोंडापर्यंत आलं. प्रत्येक वेळी त्या दुसरं काहीतरी विचारायच्या. त्यांना कळत होतं असं मला वाटतं.

"जा आता," त्याच म्हणाल्या. "तुझी बस पलीकडून. रस्ता नीट बघून ओलांड, इथं लॉऱ्या थांबत नाहीत."

मी रस्ता ओलांडून उभी राहिले. पलीकडे नंजनगूडची बस आली. आक्कांना बघून ड्रायव्हरनं थांबवली. कंडक्टर दारातून ओरडला, "या अज्जी, चढा!" आक्कांनी हात हलवून नाही म्हटलं. बस गेली. पाच मिनिटांत दुसरी आली, तीही थांबली. पुन्हा तेच. जी येईल ती बस म्हातारी बघून थांबत होती आणि आक्का तिला पुढे जा म्हणून सांगत होत्या.

तिसरी बस आली आणि तिच्याआड आक्का दिसेनाशा झाल्या. फक्त खाली, दोन चाकांच्या मधून, त्यांची पावलं दिसत होती. मी त्यांच्याकडे बघत राहिले. कंडक्टर काहीतरी म्हणत होता. पावलं हलली नाहीत. बस निघाली तेव्हा त्यांचा हात अजून वरच होता.